नरहरी, तुझा अर्धा तास

प्रिय नरहरी,

काल आपल्या मारुतीच्या देवळात सभा झाली. तहसीलची परवानगी काढावी लागली नाही आणि दाराशी टिपणं घेणारा शिपाईही नव्हता! भाद्रपदात निजामाची सत्ता गेली, तेव्हापासून गावोगाव अशा सभा चालू आहेत. परभणीहून आलेल्या पाहुण्यांनी तुझं नाव आदराने घेतलं आणि मग म्हणाले, "वकीलसाहेबांनी जरा घाई केली. माणिकबुवांनी मात्र देवळाचं पावित्र्य राखलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून बसून राहिलो. रात्रभर ते बसून राहणं मला टोचत होतं, म्हणून हे पत्र.

घाई? आणि तू?

चौदा वर्षं तू जिल्हा बोर्डात मेंबर होतास. खालच्या आळीच्या एका विहिरीसाठी सहा वर्षं उर्दूत अर्ज लिहीत राहिलास. मी चेष्टेने म्हणायचो, "अरे, तेवढा कागद टाकला असता तर विहीर बुजली असती!" तू म्हणायचास, "बुजवायला पहिले खणावी लागती, बुवा." आणि खणलीस. अजून तिला पाणी आहे.

मराठी वाचनालयाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तू मेंबरकी सोडलीस. गावातले काही हसले. "चौदा वर्षांनी जाग आली काय?" असं तुझ्या तोंडावर विचारलं. तू चिडला नाहीस. "झोपेतबी अर्जच लिहीत होतो," म्हणालास.

मग तू वेगळी वाट काढलीस. भाषणाला परवानगी लागे, कीर्तनाला लागत नसे. जिंतूरकडच्या गावांत तू कीर्तनाच्या मध्यंतरात उभा राहून बोलायचास. कोणी हटकलंच तर म्हातारे सांगायचे, "निरूपण चालू हाय, साहेब." आपल्या गावात मात्र तू मला विचारायला आलास. का विचारलंस रे? न विचारता उभा राहिला असतास तर मी काय तुला हाताला धरून खाली बसवणार होतो?

चार वर्षांपूर्वीचा तो गोकुळाष्टमीचा सप्ताह होता. सात दिवस वीणा खाली टेकत नाही, आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्याचा शब्द देवळात शेवटचा, ही आपली रीत. वीणा माझ्या गळ्यात होती. तू पायरीवर उभा राहून हळूच म्हणालास,

"माणिक, काल्याच्या कीर्तनात मला अर्धा तास दे. सगळा गाव जमतो."

"वीणा उभी असताना राजकारण न्हाई."

"आरं, देवळात येणाऱ्या माणसांचंच बोलायचंय. दुसरं काय?"

"वकीलसाहेब, तुमची मेंबरकी देवाच्या माथी मारू नका."

लहानपणी एका पाटीवर अक्षरं गिरवलेला मी, तुला वकीलसाहेब म्हणालो! तू माझ्याकडे पाहिलंस, वीणेला हात लावून नमस्कार केलास आणि उतरलास.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवळात दहीहंडी फोडत होतो, तेव्हा तू बाजारतळावर बैलगाडीत उभा राहून बोललास. अर्धा तासही झाला नाही. तुला धरून नेलं.

तुरुंगातून सुटलास तो अंगात ताप घेऊनच. मी मानवतला, तू वकिलीसाठी केलेल्या घरी आलो. गोदावहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. तू अंथरुणावरून विचारलंस, "काला नीट झाला का रे?" मी म्हणालो, "लय चांगला झाला." तू हसलास. महिन्याभरात गेलास.

त्या दिवशी मला शिव्या का दिल्या नाहीस? शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित खरं माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं. ते आज लिहितो.

तू येण्याच्या आदल्या दिवशी पोलीस पाटील देवळात आला होता. प्रसाद खाता खाता म्हणाला, "बुवा, इथं भाषण झालं तर देवळाची इनाम जमीन जाईल, बरं का." ती जमीन मीच कसत होतो. माझी चूल तिच्यावर चालत होती. मी घाबरलो, नरहरी. भीती माझी होती, मी नाव देवाचं पुढं केलं. देव काय म्हणाला असता हे मी त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याच्या दारात कितीतरी दुःखं रोज बोलली जातात. तुझं बोलणं त्याला जड झालं असतं काय?

आणि काल त्याच खोट्यासाठी टाळ्या घेतल्या.

पूजेला बसतो, नाम घेतो, पण तुझी ती पायरी डोळ्यांपुढून हलत नाही. माफी मागायला तू नाहीस. गाव आहे.

तुला शब्द देतो. येत्या कार्तिकी एकादशीला भजनाला सगळा गाव येईल. वीणा गळ्यात असताना माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही, म्हणून ती घेऊनच उभा राहीन. पोलीस पाटील काय बोलला आणि मी काय केलं, ते सांगेन. मग इनामाची जमीन दुसऱ्या कोणी कसायची असेल तर गावाने ठरवावं. गोदावहिनींना बोलावणं धाडलंय. येतील की नाही, ठाऊक नाही.

मला बोलायला फार वेळ लागणार नाही. तू अर्धा तास मागितला होतास. उरलेला वेळ वीणा घेऊन गप्प उभा राहीन. तो तुझा.

तुझ्याच पाटीवर शिकलेला,
माणिक