कोल्हीण शेवटी परत येते

डोणगाव, १२ जाने. ६७
काल फिरत्या टॉकीजच्या तंबूत जपानी चित्रपट. नट नाही, नटी नाही, सगळं हाताने काढलेलं. भाषा ओ की ठो कळली नाही. शिकारी कोल्हिणीला मारतो, पिल्लू बर्फात एकटं मोठं होतं. मग मध्येच चित्रपट करणाऱ्यांची नावं येतात (दिग्दर्शक काय धीट माणूस!), पिल्लू पुन्हा लहान, आई जिवंत, उन्हात त्याला चाटते आहे. दिवे लागले. आई गेल्यापासून मी रडले नव्हते, काल पोटभर रडले. हे घाबरले, "डोकं दुखते काय तुहं?" किती बरं वाटलं.

१७ जाने.
शाळेला सुट्टी. खामगावला सरांकडे, एम.ए.ला रसचर्चा शिकवली ते. म्हणाले, "चित्राला अंग नाही. मग रोमांच, अश्रू कुठून आणशील?" म्हटलं, पडद्यावर नव्हतेच, तंबूत होते. सरांनी मान डोलावली. मग, "लिही. वाङ्मय मंडळात वाच." असे गुरू मिळायला भाग्य लागतं.

२४ जाने.
लेख झाला. सगळा डोलारा शेवटावर. मरण मागे पडतं, आठवण शेवटी उरते, करुण रसाचा शांत रस होतो. ह्यांनी आपणहून चहा केला, साखर विसरले. मी गोड मानून प्याले.

२९ जाने.
बाजारात तंबूवाले रहीमभाई. "बाई, त्या दिवशी घोटाळा झाला ना! पहिली रीळ शेवटी लागली. कोनी बोललं बी नाही."
"म्हणजे ती आई..."
"नाही जी. मेली ते मेलीच. परत काऊन येईन?"
मेथीची जुडी हातात घेऊन उभीच राहिले. गेला लेख.

३१ जाने.
सरांना सांगितलं. खोकला लागेपर्यंत हसले. "मग लेख कोणत्या चित्रपटावर?"
"मी पाहिला त्यावर."
"तो केला कोणी?"
रहीमभाईंनी, असं ओठांवर आलं होतं. सर म्हणाले, रविवारी मंडळात वाचायचाच, पण आधी खरा क्रम पाहून ये. बरोबर आहे त्यांचं. न पाहता वाचणं म्हणजे लबाडी. की नाही?

२ फेब्रु.
तंबू उद्या हलतोय. रहीमभाई दारात येऊन सांगून गेले, "आज तोच पिक्चर लावतो, नीट. तुमच्यासाठी, बाई." किती भला माणूस. त्यांना वाटतं, ते माझं देणं लागतात. त्या चुकीने मला काय दिलं, हे त्यांना कसं सांगू? आज पाहिला, तर कोल्हीण मध्येच मरणार आणि मेलेलीच राहणार. तसं एक माणूस माझ्या घरातलं आहेच, आई. लेख मात्र खरा होईल.
हे सायकल काढून उभे आहेत. घंटी वाजवताहेत. "येतं का नाही व?"
आले, म्हणायला तोंड उघडलं. तशीच लिहीत बसले आहे.