आधी सोलेनॉइड बसवा

अहो,

पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घ्या. बादलीतल्या कपड्यांना मी हात लावणार नाही. वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह तुम्ही आयटीआयच्या पोरांना दाखवायला काढून नेलात, त्याला आज तीन आठवडे झाले.

त्यातलं सोलेनॉइड म्हणजे काय, ते आता मी झोपेतसुद्धा सांगीन. तांब्याच्या तारेचं वेटोळं. वीज आहे तोवर लोखंड ओढून धरतं, वीज गेली की सोडून देतं. गाडीच्या स्टार्टरमध्ये तेच, दारावरच्या घंटीत तेच, विमलाबाईंच्या द्राक्षबागेत ठिबकचं पाणी सोडतं तेही तेच. अख्ख्या कॉलनीला समजावून झालं, आपल्या मशीनला मात्र ते काही मिळेना!

परवा मी एमआरआयचं विचारलं, तर "तेही सोलेनॉइडच गं, फक्त माणूस आत झोपेल एवढं मोठं," म्हणून अर्धा तास शिकवत बसलात. मी का विचारतेय, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. फोन करावा, तर तुमचा तास चालू असतो.

चिठ्ठीवर माझं मंगळसूत्र ठेवलंय. भलतंसलतं मनात आणू नका, त्या मशीनमध्ये अंगावर दागिना चालत नाही. डोक्याचा एमआरआय काढायचाय. साडेतीनची वेळ आहे, माझी शाळा सुटली की मी परस्पर गंगापूर रोडच्या सेंटरवर जाईन.

फॉर्मवर 'सोबत कोण' असा रकाना होता. तिथं तुमचं नाव लिहून आलेय.

मंदा