एकोणीस दारं

प्रिय शरत,

नऊ वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, अप्पा आहेत. जेवतात, गोळ्या घेतात, रंगवतात. माझ्याशी बोलत नाहीत. फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस.

गेल्या रविवारी इथे हूटगळ्ळीच्या आपल्या लेआउटच्या हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. हो, त्याच लेआउटमध्ये, जिथे 'अप्पांचं डोकं फिरलंय, त्यांना इथून हलवा' असा अर्ज शेजाऱ्यांत घरोघरी फिरला होता. अर्जावर पहिली सही गंगाधररावांची. रविवारी समई लावायला तेच पुढे, आणि अप्पांना शाल पांघरवताना कॅमेरा चुकला म्हणून काढून पुन्हा पांघरवली. एका बाईंना चित्र हवं होतं, पण पडद्यांना शोभेल असं हिरवं. मला हसू यायला हवं होतं. हल्ली काहीच येत नाही.

एकोणीस चित्रं. सगळ्यांत आपल्याच घराचं दार, सताड उघडं, आणि उंबऱ्यावर कन्नडमध्ये एकच अक्षर. पुण्याहून चित्रांवर बोलायला आलेल्या ईश्वरी मॅडमनी ते वॉचमनकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, बा. झालं! बा म्हणजे बाप असं धरून मॅडम हरवलेल्या पितृत्वावर अर्धा तास बोलल्या आणि लोकांनी माना डोलावल्या. वॉचमनला अर्थ कुणी विचारलाच नाही. तुला आठवतं ना, अप्पा मला मराठीत 'ये' म्हणायचे. तू लहानपणी कन्नडशिवाय ऐकायचा नाहीस, म्हणून तुला त्याच अर्थाचं 'बा'. आजाराच्या भरात ज्या दारातून तुला हाकललं, त्याच दारातून ते इतकी वर्षं तुला बोलावताहेत. मी सगळी चित्रं पुन्हा एकदा पाहत गेले. एकावरही 'ये' नव्हतं. वाईट वाटलं, शरत. घरी येईपर्यंत तेही गेलं.

मॅडमची चूक मी कुणाला सांगितली नाही. तुलाही कळवणार नव्हते. पण काल अप्पांना आंघोळ घालताना पाणी कढत होतं. त्यांची पाठ लाल झाली, तरी मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. ते ओरडले नाहीत. कामाला येणाऱ्या तुळसीने माझा हात धरला, तेव्हा थांबले. मला राग आला नव्हता. काहीच वाटत नव्हतं. अप्पांना माफ करायचं की नाही, ते तुझं तू बघ. पण मला त्यांच्याजवळ एकटी ठेवू नकोस.

तुझीच,
चैत्राक्का