सातव्या मजल्याला न कळलेला ब्राउझर

चिरंजीव धाकट्यास थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, माझे गुडघे सोडून. तुझी पाठ कशी आहे? भावजय सांगत होती, ऑफिसातून आलास की कमरेला हात लावून उभा राहतोस आणि विचारलं की काम वाढलंय म्हणतोस. (तुझं काम वाढतं तेव्हा ते दुसऱ्यालाच करावं लागतं, हे मी तू दप्तर उचलायचास तेव्हापासून बघते आहे.) पत्र माझ्या सुनेच्या हातचं आहे, हे अक्षरावरून ओळखलं असशीलच. मामांना असं कसं लिहायचं म्हणून तिने आत्ताच पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, तू मामेसासऱ्यांना लिहीत नाहीस, मी माझ्या भावाला सांगते आहे, उचल पेन.

तर तुमच्या महामंडळात सगळ्यांचे ब्राउझर बदलायचं काम हिच्या गळ्यात पडलंय, ते तुला ठाऊक आहेच. सात मजले, दोन हजार टेबलं. जुना ज्यांनी बनवला त्यांनीच म्हणे कळवलं की आता याला ठिगळ लावणार नाही, आणि फाटक्या जागेतून चोर आत शिरतात. येत्या शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे बैठक आहे. आलेल्या तक्रारी वाचून ते ठरवणार, नवा ठेवायचा की सगळं पहिल्यासारखं करायचं. पहिल्यासारखं झालं तर हिची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि हिची रवानगी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत, असं तिथे आत्ताच बोलतात. (हे नको लिहायला म्हणते आहे. लिही.)

पहिला प्रयोग तिने माझ्यावर केला. मला अक्षराची ओळख नाही, तरी संगणकावर परगावच्या लेकीचं तोंड बघायला मला कोणी लागत नाही. खालच्या ओळीत डावीकडून चौथं चित्र, त्यावर टिचकी, मग हिरवं बटण, की लेक हजर. एक दिवस हिने गुपचूप नवा घातला आणि चौथं चित्र सरकून सहावं झालं. मी आपली चौथ्यावर टिचकी मारली, तर कुठल्याशा गावचं हवामान निघालं. म्हटलं, लेकीला वेळ लागत असेल, येईल. अर्धा तास मी केस विंचरून एका ढगासमोर बसले होते, दोनदा त्याला जेवलास का म्हणूनही विचारलं. मग सुनेला सांगितलं, बाई, नवा खुशाल ठेव, पण जुन्याच्या जागी ठेव. ज्यांना वाचता येतं ते तरी कुठे वाचतात? तुझ्या नवऱ्याचंच बघ. आपल्या मिठाच्या बरणीवर म्हणे पंधरा वर्षं साखर लिहिलेलं आहे, एकदा तरी चहा खारट केला का त्याने?

तिने ते मनावर घेतलं. ऑफिसातही नवा बरोबर जुन्याच्या जागी. पण ब्राउझर बदलल्याच्या सूचनेचा कागद वाटायला शिपाई पहिल्या मजल्यापासून वर निघाला आणि तिसऱ्यावर त्याचे पाय भरून आले, तो तिथेच थांबला. बसवणारी माणसं मात्र सातव्यापासून खाली निघाली, कारण चढायला लिफ्ट हवी, उतरायला जिना चालतो. त्यामुळे सातव्या मजल्यावर नवा येऊन तीन आठवडे झाले तरी कोणाला पत्ता नाही. तिथल्या हेडक्लार्कबाई तर हिलाच ऐकवत होत्या, की तुमचं नवं खूळ आमच्याकडे आणू नका, आमचा जुना बघा कसा पळतो. तक्रारी आल्या त्या सगळ्या खालून, ढिगाने. डोळे चुरचुरतात, पानं सावकाश उघडतात, एका गृहस्थाला तर भोवळ आली. सगळ्यांत लांबलचक, चार पानी तक्रार पहिल्या मजल्यावरून आहे. कोणाची ते मी काही विचारलं नाही. मोठ्या माणसाची असणार, एकेक वाक्य संपता संपत नाही म्हणे.

बाकी सगळं ठीक. पाठीला शेक घे आणि भावजयीला माझा निरोप दे, की खुर्चीवर उशी ठेवून काही होत नाही, अधूनमधून उठायला लाव.

तुझी, अंगठ्यापुरती साक्षर
थोरली ताई

ता. क. : विचारलं. ती चार पानं शुक्रवारच्या आत परत घे, एवढ्याचसाठी पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण नको ते कानावर पडू लागलं की तुझ्या फोनची रेंज जाते.

आणखी एक ता. क. : अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. या ओळी शेजारच्या नर्सबाई लिहिताहेत. सुनेला मी दूध आणायला पिटाळलंय, कारण हे तिने लिहिलं नसतं. बसवणारी माणसं अजून चौथ्या मजल्यावरच आहेत रे. तुझ्या टेबलावर अजून जुनाच आहे, तुझे डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. कोणाकडे कधी बसवला त्याची यादी सुनेजवळ आहे. शुक्रवारी तेवढी वाचून दाखवली की काम फत्ते. पण नाही वाचणार म्हणते, भर बैठकीत मामांचं हसं होईल, त्यापेक्षा तळघर परवडलं. ती मर्यादा पाळते आहे, तर तूही थोडी पाळ. उद्या तक्रार परत घे आणि मजल्यावर सांग, की वापरून बघितला, आता सवय झाली. सगळ्यांना पटेल. दोन दिवसांत तुलाही पटेल.