शेवटच्या माशावरचं वार्निश

प्रिय धाकट्या,

तू गेल्यापासून मायन्यात ‘चिरंजीव’ लिहायला हात धजत नाही.

तुझ्या टेबलावर गळाला आमिष म्हणून लावायला तू केलेला शेवटचा लाकडी मासा रंगवून टांगलेला सापडला. असल्या माशांना मी मत्स्यावतार म्हणायचो. तू म्हणायचास, “दादा, अवतार तुझा झालाय, आरशात बघ जरा!”

आज त्यावर पारदर्शक वार्निश द्यायला बसलो, तर पोटावरच्या रंगात तुझ्या अंगठ्याचा ठसा. ओल्या रंगाला मी बोट लावलं असतं, तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. घासून टाकावा म्हणून पॉलिश पेपर उचलला आणि खाली ठेवला. ठशावरूनच वार्निशचा हात फिरवला.

आता तो पाण्यानेही जायचा नाही. पण मासा पाण्यात सोडवत नाही रे. दोरी तुटली तर?

अजून आरसा टाळणारा,
तुझा दादा