वर फिकट, खाली गडद

१ डिसेंबर, सकाळी
थंडी पडली. कपाट उघडलं. तीन स्वेटर, दोन मफलर, पँटी. सगळं जुनं. नवीन काही घ्यायचं नाही. आहे त्यात समाधान दे, असं देवापुढे रोज म्हणतो. आता कपाटापुढेही म्हणायचं. फक्त जोड्या बदलायच्या. इतकी वर्षं रंगाच्या दुकानात लोकांच्या भिंती जुळवून देतोय, स्वतःचं अंग तेवढं राहून गेलं.
नियम तोच. वर फिकट, खाली गडद, मध्ये पट्टा.

२ डिसेंबर
निमित्त लिहून ठेवतो. मालक शेजारच्या गाळ्यात शोरूम काढतायत. तिथे सल्लागाराची खुर्ची असणार. गिऱ्हाईक समोर बसणार, आपण बसून सांगायचं, कुठल्या खोलीला काय शोभेल. मालक म्हणाले, माणूस असा हवा की त्याच्याकडे बघूनच विश्वास बसावा. बोलताना माझ्याकडेच बघत होते. माझ्या मागे घड्याळ आहे, पण ते बंद आहे.
उभं राहून गुडघे गेलेत, हे कारण नाही. मागच्या खोलीत डबे ढवळणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे कारण आहे.

४ डिसेंबर
पहिली जोडी. पिवळा स्वेटर, चॉकलेटी पँट, निळा मफलर. मफलर कमरेला. खोलीचा पट्टा काही छताला नसतो. ही म्हणाली, अहो, भिंत कामाला निघाल्यासारखी दिसतेय. कौतुक करायची तिची एक पद्धत आहे.
हिशेबवाल्या ताईंनी विचारलं, दादा, हे असं का? पिवळ्याशेजारी निळा ठेवला की दोन्ही उजळतात, पण निळा बेताचा हवा, असं सांगितलं. एरवी ताई आकड्यांतून मान वर काढत नाहीत. आज मान वर होती. जोडी काम करतेय.

७ डिसेंबर
हिरवा स्वेटर, राखाडी पँट, लाल मफलर. मालक बघून थांबलेच. मग म्हणाले, तब्येत बरी आहे ना? खुर्चीवर दिवसभर बसणं झेपेल का, असं विचारायचं असणार.
ताईंना उत्तरेकडच्या खोलीचं समजावलं. तिथे ऊन येत नाही, नुसता पांढरा लावला तर खोली आजारी दिसते, चमचाभर पिवळा पाडावा. सांगता सांगता डबा खायचा राहिला. इतक्या आस्थेने आजवर कोणी ऐकलं नव्हतं. देव माणसं भेटवतो.

१० डिसेंबर
घात. हिने लाल मफलर आणि क्रीम स्वेटर एकत्र भिजवले. स्वेटर गुलाबी झाला, तोही ढगाढगांचा. वर म्हणते कशी, रंगातला माणूस घरात असून मला कसं कळणार मफलर रंग सोडतो ते! संध्याकाळभर अबोला धरला. तिच्या लक्षातच आला नाही.
मग शांतपणे विचार केला. असल्या ढगाळ भिंतीची हल्ली फॅशन आहे. उद्या घालतो.

११ डिसेंबर
घातला. ताईंनी फोटो काढला, घरी दाखवते म्हणाल्या. माल उतरवणारा ड्रायव्हर म्हणाला, काका, दुसरा हात कधी मारणार? त्याला फिनिशिंगमधलं कळत नाही.

१४ डिसेंबर
उद्या मालक सांगणार. देवापुढे बसलो. मागितलं काहीच नाही. फक्त कुठली खुर्ची, ते त्याच्या कानावर घातलं.

१५ डिसेंबर, दुपारी
खुर्ची ताईंना.

१५ डिसेंबर, संध्याकाळी
सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांनी त्यांना परीक्षा म्हणून उत्तरेकडच्या खोलीबद्दल विचारलं होतं म्हणे. चमचाभर पिवळ्यासकट उत्तर आलं. माझा चमचा! ताई म्हणाल्या, हे सगळं दादांनी शिकवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपसूक गेले.
मालकांना बाजूला गाठलं. म्हणाले, मला ठाऊक आहे तुमचंच आहे ते. पण ती बोलली की लोक ऐकतात. तुम्ही बोलायला लागलात की लोक बघतच राहतात.
घरी वाटलं, ही तरी चिडेल. म्हणाली, शिकवायला कोणी सांगितलं होतं? आणि ती बिचारी साधे, नीटनेटके कपडे घालते हो. बिचारी! घरातूनही घात.

१८ डिसेंबर
शोरूम सुरू. मध्ये पातळ पार्टिशन, सगळं ऐकू येतं. माझी वाक्यं तिकडे खुर्चीवर बसून बोलत होती. ठरवलं, यापुढे एक अक्षर सांगायचं नाही.
अकराच्या सुमारास ताई आत डोकावल्या. दादा, हिरव्याजवळ गुलाबी चालेल का हो? मी डबा ढवळत राहिलो. त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग न राहवून सांगितलं, चालेल, पण गुलाबी जरा मळका घ्या. थँक्यू म्हणून गेल्या. पार्टिशनपलीकडे गिऱ्हाईक वा म्हणालं.

२० डिसेंबर
मालकांनी कामाचा कोट दिला. राखाडी, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणं. सगळी लावूनच ठेवा म्हणाले, शोरूमचं दार उघडं असतं. ठीक आहे. आत मी जोडी करूनच येणार. देवाला कोट आड येत नाही.

२१ डिसेंबर, सकाळी
कडाका. जोडी लावत होतो. ही म्हणाली, अहो, कोटाच्या आत कोण बघायला येतंय? जे आहे ते सगळं चढवा, सर्दी तरी होणार नाही.
तिन्ही स्वेटर एकावर एक घातले. ऊब आली. कुठला वर आला, ते बघितलं नाही.