सोबत आलेल्याची नाडी

अण्णा,

काल तुमचा दवाखाना वाचला. ‘आपला’ लिहायला हवं होतं, पण बदनावरात अजून तसं कुणी म्हणत नाही. स्टँडवरचा रिक्षावाला अजूनही विचारतो, “बड़े डाक्टर साब के यहाँ?” आणि तिथे खुर्चीत मी बसलेला असतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या नावाची पाटी लोकांना दिसतच नाही.

इंदूरची एक मोठी कंपनी गावोगावचे छोटे दवाखाने चालवायला घेते आहे. डॉक्टरने करारावर सही करायची. मग पाटी त्यांची, तपासण्या त्यांच्या आणि काही महिन्यांनी खुर्चीत नवा माणूस. आमच्यातले बरेच जण थकलेत, सही करायला तयार होते. म्हणून धार आणि देवासकडच्या आम्ही फॅमिली डॉक्टरांनी ठरवलं की देवासला एका धर्मशाळेत सभा घ्यायची आणि प्रत्येकाने आपले पेशंट आणायचे. पेशंट आले नाहीत तर आपण कुणाला नको आहोत असं समजायचं आणि सही करून मोकळं व्हायचं. मी महिनाभर दारोदार फिरलो. सकाळी रामरक्षा म्हणून निघायचो. लोक चहा पाजायचे आणि तुमच्या गोष्टी सांगायचे.

बस गच्च भरली. सभेत आमच्याकडून सोयाबीनवाल्या पटेलांना बोलायला उभं केलं, तेच, ज्यांच्या बायकोचं बीपी तुम्हीच पहिल्यांदा पकडलं होतं. माईक मीच त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, “बड़े डाक्टर साब बीमार को बाद में देखते थे, पहले जो साथ में आया उसकी नाड़ी पकड़ते थे. ऐसा कंपनी करेगी क्या?” टाळ्या थांबेनात. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, “अब ये भिया बैठते हैं. ये भी ठीक हैं.” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर एकेक डॉक्टर उठून सांगत गेला की तो सही करणार नाही. दवाखाना राहिला. ‘ये भी ठीक हैं’ मात्र माझ्याबरोबर निघालं.

तुमची ती रीत मला स्वयंपाकघरात मिळाली होती. मी नुकताच तुमच्याबरोबर बसायला लागलोय. एका पोराला तापाचं औषध लिहून दिलंय आणि दुपारी आपण दोघे जेवतोय. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबता. “पोराचा ताप पाहिलास. आईचा हात का नाही धरलास? ती किती रात्री जागली आहे, विचारलंस?” तुमचा आवाज चढलेला नाही. आई ताटात वरण वाढते आणि माझ्याकडे बघत नाही. त्या दिवसापासून मी सोबत आलेल्याची नाडी पाहतो, एकदाही चुकवलेली नाही. तरी ती रीत तुमचीच. माझं असं त्या दवाखान्यात काय आहे, हे मी सभेनंतर देवासच्या टेकडीवर माताजींसमोर हात जोडूनही विचारत होतो. देवीपुढे बापाचा हेवा करणारा माणूस मी पहिलाच नसेन, अशी समजूत करून घेतली आणि खाली उतरलो.

परतताना उज्जैनच्या पुढे पटेलीणबाईंना चक्कर आली. बस थांबवून बीपी पाहिलं, पाणी पाजलं, त्या सावरल्या. तेवढ्यात पटेलांनी मनगट पुढे केलं, “साथ में आया हूँ, म्हारी भी देखो.” बसमध्ये हशा. मी बोटं ठेवली आणि ठोक्यांना तालच नव्हता. एक नीट, दोन घाईत, एक गायबच. पुन्हा पाहिलं, तेच. आणि अण्णा, त्या क्षणी मला आनंद झाला. माणसाच्या हृदयात बिघाड सापडला आणि मला वाटलं, हा माझा. हा अण्णांना सापडला नव्हता.

आज सकाळी ते दोघे आले. मी ईसीजीची पट्टी काढली, शंका खरी ठरली. औषध सुरू केलं, धारच्या हृदयवाल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, सवयीने पटेलीणबाईंचाही हात पाहिला. उठताना पटेल दारात थबकले. “बड़े डाक्टर साब तो कहते थे, घोड़े जैसी चलती है. उनसे चूक हो गई क्या?”

तुमच्या वेळी हा आजार नव्हताच, तो वयाबरोबर आला. तुम्ही म्हणालात ते तेव्हा अगदी बरोबर होतं. मी त्यांना तेच सांगितलं. घरी आल्यावर हे लिहायला बसलो. आता हा कागद रामरक्षेच्या पोथीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? सांगायचं इतकंच होतं की ‘नाही, त्यांची चूक नव्हती’ एवढं म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ पटेल दारात उभे होते.